माझ्यासमोरच डिस्क बसवली, तरीही फसले

लॅपटॉप सात वर्षांचा. बटण दाबून दुसरं एखादं काम उरकून यावं, तेव्हा कुठे तो सुरू झालेला असायचा. टाकून देण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून एसएसडी घालावी असं ठरवलं. तो निर्णय आजही मला बरोबरच वाटतो. फिरत्या तबकडीऐवजी चिपवरून वाचायला लागलं की जुनं मशीनही तरतरीत होतं. माझंही झालं. गंमत म्हणजे म्हणूनच शंका आली नाही.

दुरुस्तीवाल्याने सगळं माझ्यासमोर केलं. डिस्क लावली, विंडोज टाकलं, जुना डेटा उतरवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा मॅडम, ५१२ जीबीची आहे." दिसत होते ४७६. मी विचारलं, तर म्हणाला, विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं. ते खरंच आहे. अस्सल ५१२ जीबीची डिस्कही विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते. एवढं खरं बोलणारा माणूस बाकीचंही खरंच बोलत असणार, असं मी गृहीत धरलं. जुनी हार्ड डिस्क? "ती आता काय कामाची, मी लावतो विल्हेवाट." मी हो म्हटलं!

दोन-अडीच महिने सुरळीत गेले. मग नवे व्हिडिओ उघडेनात. मागोमाग जुने फोटोही. फाइलचं नाव जागेवर, आकारही बरोबर, पण उघडायला गेलं की करडी पट्टी. शेवटी विंडोजच उठेना.

दुसऱ्या एका जाणकाराने डिस्क तपासली. खरी जागा जेमतेम १२० जीबी. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये, खोटा आकडा भरलेला होता. विंडोज खरी जागा स्वतः तपासत नाही, डिस्कला विचारतं आणि ती सांगेल तो आकडा दाखवतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं उत्तम चालतं. त्यानंतर लिहिलेलं जुन्या डेटावर चढत जातं. वरचं स्टिकर नामांकित कंपनीचं, आत एकुलती एक चिप.

हे पकडायचं तर डिस्क पूर्ण भरून, भरलेलं परत वाचून बघावं लागतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं नेमकं हेच करतात. वेळ खातात, कधी काही तास. दुकानात कोणी तेवढं थांबू देणार नाही, तेव्हा घरी आणल्या आणल्या, त्यावर आपलं काही ठेवण्याआधी करा. 'नवी' म्हणून दिलेली डिस्क आधी किती तास चालली आहे हे क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये दिसतं, पण तो आकडाही पुसता येतो, त्यामुळे नुसत्या त्यावर विसंबू नका. दुरुस्तीत रॅमच्या (मेमरीच्या) पट्ट्या गुपचूप बदलल्या जातात तो वेगळाच प्रकार; मशीन दुरुस्तीला देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा.

पहिल्याकडे परत गेले तर म्हणाला, "व्हायरस असेल." बिल मी घेतलंच नव्हतं. जुनी डिस्क मागितली, तर "भंगारात गेली." तिच्यावर माझ्या ओळखपत्रांच्या प्रती होत्या, बँकेची कागदपत्रं होती आणि नव्या डिस्कने खाल्लेले सगळे जुने फोटोही होते. लॅपटॉप आता अस्सल एसएसडीवर छान चालतोय. पासवर्ड बदलून झाले. फोटो त्या डिस्कवरच आहेत, ती जिथे कुठे असेल तिथे.