आजीची वाकळ पुरी करायला दिली, आणि आतली चार लुगडी गेली

आमच्याकडे, जत भागात, गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आजीची शेवटची वाकळ अर्धवट राहिली होती. चार कडांनी सुरुवात करून धावदोरा आत आत नेत ती मधल्या चौकोनाच्या बरीच जवळ आली होती. मग हात थरथरायला लागला, सुईत दोरा ओवणं जमेना. 2019 मध्ये ती गेली तेव्हा वाकळ ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती, दाभण तशीच टोचलेली.

ही वाकळ मी गेल्या वर्षी पुरी करायला दिली आणि फसले. जुनी गोधडी कुणी बाहेर शिवायला देत असेल तर त्याने हे वाचावं, म्हणून सगळं लिहिते आहे.

भावाला बाळ होणार होतं. बारशाला पणजीची वाकळ पाळण्यात असावी असं आईच्या मनात आलं. मी पुण्यात राहते, मला एवढ्या जाड थरांतून सुई काढता येत नाही. मोबाइलवर एक जाहिरात दिसली: आजीच्या जुन्या गोधड्या हाताने पूर्ण करून मिळतील. अंगणात बसून शिवणाऱ्या बायकांचे फोटो होते. फोनवरचे गृहस्थ फार गोड बोलले. "ताई, आमच्या बायका आजीच्याच टाक्याला टाका जुळवतात." साडेसात हजार सांगितले, निम्मे आधी. मी कुरिअरने वाकळ पाठवली. सोबत आजीच्या लग्नातल्या शालूचा जरीचा काठ दिला. शालू विरला तेव्हा आजीनेच तो उसवून जपून ठेवला होता, वाकळेला कडेने लावायला.

महिनाभराने फोन आला. "ताई, आतलं कापड कुजलंय. हात लावला की फाटतंय. बदललं नाही तर वरचंही जाईल." आणखी अठ्ठावीसशे मागितले. मी विचारलं, फोटो पाठवाल का? एका फाटक्या, काळपट कापडाचा फोटो आला. ते लुगडं आजीचं आहे की नाही हे मला ओळखता येईना, कारण आतले थर मी कधी पाहिलेच नव्हते. बारसं तोंडावर होतं. मी हो म्हटलं आणि पैसे पाठवले. माझा त्या दिवसाचा तो होकारच त्यांना हवा होता.

वाकळ आली ती दिसायला सुरेख होती. वरचे तुकडे आजीचेच होते: खणाच्या चोळ्यांचे त्रिकोण, बाबांच्या शाळेच्या सदऱ्याची पट्टी. आईने ती मांडीवर घेतली आणि लगेच म्हणाली, "ही हलकी कशी?" मग तिने डावीकडचा खालचा कोपरा बोटांनी चाचपला. आजी कुठलीही वाकळ शिवायला घेताना पहिल्या कोपऱ्यात हळद लावलेले पाच तांदूळ घालायची. "वाकळंचं प्वाट रिकामं ठिवू नये," असं तिचं म्हणणं. लहानपणी आम्ही झोपताना तो कोपरा शोधून ते दाणे बोटांनी मोजायचो. कोपरा मऊ लागला. दाणे नव्हते.

मी कुरिअरच्या दोन्ही पावत्या काढल्या. जाताना वजन 3 किलो 200 ग्रॅम, येताना 1 किलो 900. शिवण पुरी झाल्यावर दोरा आणि अस्तर धरून वजन वाढायला हवं.

आम्ही एका कडेची शिवण उसवली. आत पांढराशुभ्र पॉलिएस्टरचा कापूस. त्याचा पुंजका चिमट्यात धरून काडी लावली, तर तो वितळून कडक काळा मणी झाला आणि प्लॅस्टिकसारखा वास आला. सुती कापड कागदासारखं जळतं, मागे मऊ राख राहते. वरचा 'हाताचा टाका'ही मशीनचा निघाला. एका दोऱ्याचा धावदोरा ठिपक्याठिपक्यांनी दिसतो आणि त्याने कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. इथे टाक्याला टाका लागलेला होता, आणि वर एक दोरा, खाली दुसरा. जुन्या टाक्यांचीही ओळ उरली नव्हती. म्हणजे आजीने घातलेले सगळे टाके आधी उसवले होते. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. कापड नवं आणता येईल, ते टाके कुठून आणू?

कडेला जर होती, पण चकचकीत, नवी, प्लॅस्टिकची. त्या काळच्या खऱ्या जरीत रेशमी दोऱ्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणून तर जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे आजही गल्लोगल्ली फिरतात. बोहारणीला आजीने आयुष्यात एक लुगडं दिलं नाही. सगळी वाकळेत घातली. आईच्या सांगण्याप्रमाणे या वाकळेच्या पोटात चार लुगडी होती, त्यातली दोन इरकल.

फोन केला तर आधी आवाज चढला, मग नंबर बंद झाला. तीन आठवड्यांनी बहिणीने त्याच माणसाच्या पानावरचा एक फोटो पाठवला. 'जुन्या इरकलपासून बनवलेलं जाकीट', किंमत नऊ हजार. पाठीवर लाल पदर, आणि त्या लाल पदरावर हिरव्या दोऱ्याचं बोटभर रफू. आजीकडे तेव्हा लाल रेशीम नव्हतं म्हणून तिने हिरव्याने भरलं होतं, हे आईने आम्हाला कितीदा सांगितलं आहे. कापड कुजलं नव्हतंच. आम्ही विचारणा केल्यावर तो फोटो काढून टाकला, पण बहिणीने तो आधीच जपून ठेवला होता.

पोलीस चौकीत "जुन्या कपड्यांची काय तक्रार?" असं ऐकावं लागलं. तिथे खचू नका. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा फौजदारी विश्वासघात आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 316. मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. शिवाय 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. कुरिअरच्या पावत्या, संदेश आणि तो जाकिटाचा फोटो हाच माझा पुरावा आहे.

गोधडीचं काम असं असतं की एकदा कड मिटली की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. म्हणून द्यायच्या आधी उजेडात धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कड थोडी उसवून आतला प्रत्येक थर बघा. वाण्याच्या काट्यावर वजन करा. चारही कोपऱ्यांत सगळ्या थरांतून आरपार एका वेगळ्या रंगाचा टाका घाला आणि त्याचा फोटो ठेवा. कुणी 'आतलं कुजलंय' म्हणालं तर एकच उत्तर द्या: हात लावू नका, मी बघायला येते. खरी शिवणारी बाई विरलेलं कापड फेकत नाही, त्यावर पातळ मलमल ठेवून टाके घालते. हे मला माझ्या आत्यानेच सांगितलं, आणि मी तिला आधी विचारलं नव्हतं. शक्यतो जिच्या हातात सुई आहे तिच्याशी बोला, तिच्या दारात बसा. मधल्या माणसाने दाखवलेले अंगणाचे फोटो कुणाच्याही अंगणाचे असू शकतात.

आत्याने आता मशीनचे टाके ब्लेडने काढलेत. आजीच्या वरच्या तुकड्यांखाली आईची जुनी सुती पातळं घालून ती पुन्हा दाभण चालवते आहे. बारसं होऊन गेलं, बाळ आता बसायला लागलं आहे.

आणि एक विनंती. गडद हिरव्या अंगाच्या इरकलचं जाकीट, पाठीवर लाल पदर, उजव्या खांद्याखाली हिरव्या दोऱ्याचं रफू. हे कुणी विकत घेतलं असेल तर तुमचा काही दोष नाही. दिलेली किंमत मी देईन. फक्त ते कापू नका, आणि मला कळवा.