शंभराच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी

मी अकाउंट्सचं काम करते. पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे दिवसभर पावत्या लावते. व्हाउचरवर सही नसेल तर ड्रायव्हरच्या चहाचे पैसेसुद्धा सोडत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बाई अडाणी असेल. तीस हजार रुपये मी एकही पावती न घेता दिले.

माझं आणि नवऱ्याचं भांडणसुद्धा उरलं नव्हतं. मी नाशिकच्या सिडकोत वडिलांकडे, अप्पांकडे, तो सिन्नरला, दोन वर्षांपासून वेगळे. मूल नाही, पोटगी मागायची नव्हती, दागिने परत आले होते. दोघांनाही मोकळं व्हायचं होतं, बस. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्या मित्राने सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका 'वकील साहेबां'चं नाव सुचवलं. जिल्हा न्यायालयाच्या त्या भागात टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले यांची गर्दी असतेच, त्यातच जिन्याखालचा हा गाळा. पांढरा शर्ट, काळी पँट, टेबलावर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. पाटीवर 'घटस्फोट, कोर्ट मॅरेज, नावात बदल – त्वरित'. वकिलाला अशी जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, हे मला वर्षभराने कळलं.

"ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," तो म्हणाला. "तुम्ही दोघं राजी आहात ना? मग कोर्टाचं नुसतं दफ्तरी काम. ते मी बघतो."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना हेच ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही. कोर्टाच्या व्हरांड्यात ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही जी धास्ती होती, तिचेच त्याने पैसे घेतले.

आधी दहा हजार रोख. मग 'कोर्ट फी'चे पंधरा हजार फोनवरून, तेही कुणा बाईच्या खात्यावर. शेवटी 'नक्कल काढायला' पाच. मार्चमध्ये केस नंबर व्हॉट्सॲपवर आला. एप्रिलमध्ये घटस्फोटनामा: शंभराचा स्टॅम्प, आमचे दोघांचे फोटो, नोटरीचा गोल शिक्का, 'समाजाच्या रूढीप्रमाणे काडीमोड झाली असून उभयता पुनर्विवाहास मोकळे आहेत' असं वाक्य. दोन साक्षीदारांपैकी एक समोरचा चहावाला. मी तो कागद लॅमिनेट करून घेतला! आता आठवलं तरी लाज वाटते.

जानेवारी 2025 मध्ये येवल्याचं स्थळ आलं. मुलाचे मामा कोर्टात बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तो लॅमिनेट कागद उलटासुलटा केला आणि सौम्यपणे विचारलं, "बाळ, कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल कुठंय?" मग त्यांनीच ईकोर्ट्स या न्यायालयांच्या ॲपवर तो केस नंबर टाकून पाहिला. चेक बाउन्सची केस निघाली, भलत्याच दोन माणसांची.

थोडक्यात, कायद्याने मी अजून विवाहितच होते. नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. नोटरींनी विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असं केंद्राच्या विधी खात्याने ऑक्टोबर 2024 मध्ये बजावलंही आहे. काडीमोडीचंही तसंच. हिंदू विवाह कायदा रूढीचा घटस्फोट मानतो, पण तशी जुनी रूढी त्या समाजात खरोखर असावी लागते आणि ती सिद्ध करावी लागते. आमच्यात ती कधी नव्हतीच. त्या कागदाच्या भरवशावर मी उभी राहिले असते तर दुसरं लग्न रद्दबातल ठरलं असतं, वर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा.

आता चीड येते ती किती सोप्या गोष्टी विचारल्या नाहीत याची. त्याने वकीलपत्रावर आमच्या सह्या घेतल्याच नव्हत्या. त्याच्या वकिलीच्या परवान्याचा, म्हणजे सनदेचा, क्रमांक मी मागितला नाही. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या दाव्यात बाईला कोर्ट फी माफ असते, तर ते पंधरा हजार कसले? आणि मुळात न्यायाधीशांनी दोघांना विचारल्याशिवाय संमतीचा घटस्फोट होतो तरी कसा? एवढंही डोक्यात आलं नाही.

ज्या आवाराची धास्ती होती तिथेच शेवटी मदत मिळाली. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. 15100 हा त्यांचा मदत क्रमांक. मिळालेल्या वकीलबाईंनी आमच्या दोघांचा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खालचा, म्हणजे संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात टाकला. एरवी अर्जानंतर किमान सहा महिने थांबावं लागतं. पण आम्ही आधीच तीनेक वर्षं वेगळे आणि देणंघेणं मिटलेलं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाच्या आधारे ती मुदत माफ झाली. समुपदेशक बाई अर्धा तास बोलल्या, न्यायाधीशांनी दोघांना चार प्रश्न विचारले. व्हरांड्यात ओळखीचे दोघं भेटले, तेही त्यांच्याच तारखेला आलेले. माझा खर्च रिक्षा, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो.

पोलिसांत अर्ज दिला. हवालदार म्हणाले, पैसे 1 जुलै 2024 च्या आधी दिलेत, म्हणजे फसवणुकीला जुन्या दंडसंहितेचं 420च लागेल, त्या दिवशी लागू झालेल्या न्यायसंहितेचं 318 नाही. मला त्याही स्थितीत हसू आलं. चौकीत बोलावणं गेल्यावर त्या माणसाने बारा हजार परत केले, 'गैरसमज झाला' म्हणत. अठरा हजार अजून येणं आहेत. पैसे गेलेल्या खात्याचा उतारा, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि तो लॅमिनेट कागद मी जपून ठेवलाय.

मागच्या आठवड्यात सीबीएसवरून जाताना पाहिलं, गाळा उघडाच होता. पाटी नवी आहे. 'घटस्फोट' काढून तिथे 'विवाह नोंदणी' लिहिलंय, 'त्वरित' तेवढं तसंच आहे. बाकावर एक जोडपं बसलेलं होतं. मी रिक्षा थांबवली आणि उतरले.