एमसीबी, स्टार्टर की एमपीसीबी? तीन एचपीच्या लेथला काय लावायचं

साकीनाक्याच्या गाळ्यात थ्री-फेज लेथ बसवायची म्हणून लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात, चौकशी केलीत, तर तीन दुकानांत तीन सल्ले मिळतील.

नुसत्या एमसीबीवर (जास्त करंट आला की आपोआप पडणारा साधा ब्रेकर) भागवायचा विचार आधी सोडा. तीन एचपी मोटरच्या नेमप्लेटवर 415 व्होल्टला साधारण 4.8 अँपिअर लिहिलेले असतात. सुरू होताना ती सहा-सात पट, म्हणजे तीसेक अँपिअर ओढते. सहा अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला लगेच पडणारा) तेवढ्यात पडू शकतो, म्हणून वायरमन दहाचा ठोकतो. चालू लोडवर एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांत करंट जवळपास पावणेदोन पट होतो, आठ-साडेआठ अँपिअर. दहाच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही आणि मोटर जळून रिवाइंडिंगला जाते. एमसीबी वाचवतो ती वायर.

डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट टिकून राहिला की मोटर बंद करणारा) असतो. रिलेची छोटी चकती नेमप्लेटच्या आकड्यावर लावायची, बस. वारंवार ट्रिप होतो म्हणून ती शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली गाळ्यागाळ्यांत दिसेल. मग रिले असून नसल्यासारखा. रिसेट मॅन्युअलवरच ठेवा. शॉर्टसर्किटसाठी मागे एमसीबी किंवा फ्यूज हवाच, रिले ते काम करत नाही.

एमपीसीबी म्हणजे खास मोटरसाठीचा ब्रेकर; त्यात ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट दोन्हींचं संरक्षण एकाच डबीत, जागाही कमी. चकती इथेही आहे. पण लाइट गेली तरी त्याचा नॉब 'ऑन'वरच राहतो. लाइट आली की लेथ आपोआप फिरायला लागते, आणि नेमका तेव्हा कोणी चकमध्ये जॉब बांधत असेल तर? अंडरव्होल्टेज रिलीज (लाइट जाताच ब्रेकर पाडणारा जोडभाग) वेगळा घेऊन जोडला तर हा धोका टळतो. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर लाइट जाताच सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही.

म्हणून एकट्या लेथला डीओएल घ्या. एका पॅनलमध्ये चार-पाच मोटरी कोंबायच्या असतील तर प्रत्येकीला एमपीसीबी आणि पुढे कॉन्टॅक्टर, असं करा. रिले घेताना 4.8 हा आकडा चकतीच्या मधोमध येईल अशीच रेंज मागा.

यातलं काहीही लावलं तरी मोटरच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंग वायरी द्यायच्याच. पावसाळ्यात दमट वाइंडिंगमधून होणारी गळती ओव्हरलोड रिलेला कळत नाही.