टाकीच्या सेन्सरला आरसी फिल्टर: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत टेरेसवरच्या टाकीला पातळी दाखवणारा सेन्सर आहे. सेन्सरबद्दल सगळेच लिहितात. मी लिहितोय त्याच्यापुढे लावलेल्या दोन पार्टबद्दल: १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. या जोडीलाच आरसी फिल्टर म्हणतात. दोन्ही मिळून एका वडापावच्या पैशात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आणायचे तर लोकलचं तिकीटच महाग पडतं.

जोडणी अशी. टाकीच्या तळाशी सोडलेला ० ते ५ मीटरचा ट्रान्समीटर (हाच तो सेन्सर) ४ ते २० मिलिअँपिअर करंट पाठवतो. खाली वॉचमनच्या केबिनमध्ये तो करंट १५० ओहमच्या वेगळ्या रेझिस्टरमधून जातो. म्हणजे टाकी रिकामी असेल तर ०.६ व्होल्ट, पाच मीटरला ३ व्होल्ट. हिशेब केला तर एक सेंटीमीटर पाण्याचे जेमतेम ४.८ मिलिव्होल्ट होतात. आणि ही वायर सात मजले पंपाच्या केबलला खेटून उतरते, कारण डक्ट एकच. फिल्टर नव्हता तेव्हा पंप सुरू झाला रे झाला की आकडा अर्धा मीटर वरखाली व्हायचा आणि ग्रुपवर ‘टाकी रिकामी’चा मेसेज पडायचा. वॉचमनदादा तर स्क्रीनकडे बघायचेच बंद झाले होते. जिना चढून झाकण उघडायचं, हाच त्यांचा सेन्सर.

‘कोडमध्ये दहा रीडिंगची सरासरी काढ की’, हा सल्ला हमखास मिळतो. तो इथे का चालत नाही ते सांगतो. आपण सेकंदाला एक रीडिंग घेतो. पंपाच्या केबलमधून वायरीत घुसलेली विजेची गुणगुण ५० हर्ट्झच्या आसपासची, पण ग्रिड नेमकं ५० वर कधीच बसत नाही. समजा ४९.९५ आहे. मग दर सेकंदाच्या रीडिंगमध्ये तीच गुणगुण २० सेकंदांची संथ लाट होऊन दिसते. टाकीत जणू भरती-ओहोटी! दहा सेकंदांच्या सरासरीने ती पुसली जात नाही. एकदा आकड्यांत उतरली की खरं पाणी कुठलं आणि खोटं कुठलं, हे कोडला कळणार कसं? तिला एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपच्या, आधीच अडवावं लागतं.

आरसी फिल्टर तेच करतो. रेझिस्टर म्हणजे अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर म्हणजे छोटी टाकी. पाणी धक्के देत आलं तरी पातळी संथच हलते. १० किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे ०.१ सेकंद, त्यावरून कटऑफ, म्हणजे जिथून पुढे फिल्टर सिग्नल दाबायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, साधारण १.६ हर्ट्झ. कटऑफला सिग्नल ७०.७ टक्के उरतो, त्यापुढे फ्रिक्वेन्सी दसपट झाली की तो एक दशांश होत जातो. ५० हर्ट्झला उरतो एकतिसावा भाग. अर्ध्या मीटरचा नाच दीड-दोन सेंटीमीटरवर आला, तो हिशेबाबरहुकूम. आकडा स्थिर व्हायला अर्धा सेकंद लागतो, पण टाकीला कुठे घाई असते!

कपॅसिटर कोणता, हे मात्र बघून घ्या. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो: एक मायक्रोअँपिअर गळती १० किलोओहममधून गेली की १० मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे दोन सेंटीमीटर पाणी गायब. शिवाय केबिनला पत्रा आहे, आणि मे महिन्यात आत जे काही तापतं त्यात इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य भराभर घटतं. मी ५० व्होल्टचा एक्स७आर जातीचा सिरॅमिक लावला, एडीसीच्या पिनला अगदी चिकटून. उन्हाळ्यात आकडा हललेला नाही. केबिनची भिंत ओली असतानाही, जुलैत, काही बिघडलं नाही.

तक्रार म्हणाल तर विजेच्या कडकडाटात येणाऱ्या सर्जपासून, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून, हा वाचवत नाही. त्यासाठी टीव्हीएस डायोड वेगळा लावावाच लागतो. आणि कटऑफनंतरचा उतार सौम्य आहे. सिग्नल आणि कचरा जवळजवळच्या फ्रिक्वेन्सीचे असतील तर याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं, पंप कोरडा चालतोय का हे बघायला सीटी (केबलमधला करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवतोय, त्यालाही हेच दोन पार्ट लावून टाक. तिथे नाही चालणार, काका. सीटीतून येणारा सिग्नलच मुळी ५० हर्ट्झचा. हा फिल्टर त्याचाही एकतिसावा भाग करून ठेवेल, आणि पंप भरधाव चालू असताना स्क्रीनवर बंद दिसेल. तिथे आधी रेक्टिफाय करायचं, म्हणजे उलटसुलट वाहणारा सिग्नल एकाच दिशेचा करायचा, मग फिल्टर.