खिशात बाळगायचे पिस्तूल: छोटे .३८० की पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कायदेशीरपणे हत्यार बाळगणारे बरेचजण सुरुवात कमरेच्या होल्स्टरने (हत्यार ठेवायच्या म्यानाने) करतात आणि वर्षभरात पँटच्या पुढच्या खिशाकडे वळतात. ऑफिसात शर्ट खोचावा लागतो, उन्हाळ्यात जॅकेट घालता येत नाही, गाडीत बसताना कमरेवरचे हत्यार टोचते, आणि या सगळ्याला कंटाळून हत्यार घरीच राहू लागते. खिशात मावणारे पिस्तूल ही अडचण सोडवते. मात्र जो लहानपणा त्याला खिशात बसवतो, तोच त्याच्या खात्रीशीरपणाच्या मुळावर येतो. म्हणून येथे तुलना करताना सुबकपणा, किंमत किंवा गोळ्यांची संख्या यांना मी दुय्यम मानले आहे. दचकलेल्या माणसाने, कदाचित एकाच हाताने, खिशातून काढलेले हत्यार चालेल का, हा प्रश्न पहिला आहे.

निवडीपूर्वी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना हत्यार विकत घेता येते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना ते जवळ ठेवणेही सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे, आणि शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद मोजकेच आहेत. परवानाधारक दुकानातून हॅंडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) घेण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. अंगावर बाळगण्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवाना लागत नाही, पण शेजारच्या राज्यात तोच माणूस गुन्हेगार ठरू शकतो. भारतातील परवानाधारकांना पुढील तुलनेतील यंत्रविषयक भाग उपयोगी पडेल. निवड मात्र लागू होणार नाही, कारण तेथे ९ मिलिमीटर बोअर (नळीचा व्यास) निषिद्ध वर्गात मोडतो आणि सामान्य परवान्यावर प्रामुख्याने .३२ बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर मिळतात.

छोटे पिस्तूल का अडकते, हे समजून घेतल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि परत येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. मोठ्या पिस्तुलात या कामासाठी स्लाइडला वजन, अंतर आणि वेळ मिळतो. खिशातल्या पिस्तुलात स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड असल्याने ती फार वेगाने मागे-पुढे होते, आणि तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणून उभे करावे लागते. त्यातच दोन बोटे कशीबशी मावणाऱ्या मुठीवर पकड सैल पडली, तर स्लाइडला मागे जायला टणक आधार राहत नाही, सगळे पिस्तूलच मागे हलते आणि स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो. अशा वेळी दोष पिस्तुलाचा की हाताचा, हे ठरवणेही कठीण होते. पिस्तूल, काडतूस आणि हात या तिघांची मिळून जी जोडी जमते, तीच खात्रीशीर किंवा बेभरवशाची असते.

आता पहिला पर्याय, .३८० एसीपी या काडतुसाची अगदी छोटी पिस्तुले. या काडतुसाची रचना जॉन ब्राउनिंग यांची, १९०८ सालची. बराच काळ ते ‘ब्लोबॅक’ पद्धतीच्या पिस्तुलांत वापरले जाई. १९३१ चे वॉल्थर पीपीके हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्या पद्धतीत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात, केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर दाब पेलतो. त्यामुळे पिस्तूल जड होते, स्लाइड ओढायला कडक जाते आणि झटकाही तीक्ष्ण लागतो. केल-टेक कंपनीने २००३ मध्ये पी-३एटी हे मॉडेल आणून हे चित्र बदलले: नळी व स्लाइड क्षणभर एकत्र अडकवून ठेवणारी रचना, पॉलिमरचा सांगाडा आणि वजन जेमतेम २३५ ग्रॅम. याच वाटेने २००८ मध्ये रुगर एलसीपी आले. त्याच वर्षी, खाली पडल्यास गोळी सुटण्याची शक्यता आढळल्याने, रुगरने सुरुवातीची पिस्तुले दुरुस्तीसाठी परत मागवली होती. म्हणून जुने, वापरलेले एलसीपी घेणाऱ्याने त्याचा क्रमांक कंपनीकडून तपासून घेतल्याशिवाय ते खिशात ठेवू नये.

आज या गटात रुगर एलसीपी मॅक्स (२०२१) आणि स्मिथ अँड वेसन बॉडीगार्ड २.० (२०२४) ही दोन नावे प्रथम विचारात घ्यावीत. दोन्हींचे वजन रिकामे असताना ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावतात. एलसीपी मॅक्सची स्लाइड सुमारे २१ मिलिमीटर जाड आणि लांबी सुमारे १३१ मिलिमीटर. पातळ कापडाच्या पँटमध्येही त्याचा आकार उमटत नाही. पहिल्या एलसीपीची नेम धरायची माशी नावापुरती होती, मॅक्सची रात्रीही दिसते, आणि ही सुधारणा मला गोळ्यांच्या वाढीव संख्येपेक्षा मोलाची वाटते. बॉडीगार्ड २.० चा चाप माझ्या बोटाला अधिक एकसारखा लागतो. पण नेमका तोच हलका चाप खिशात जपावा लागतो, हे विसरता कामा नये.

दुसरा पर्याय म्हणजे स्मिथ अँड वेसनचे ६४२, .३८ स्पेशल काडतुसाचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. त्याच्या घराण्याचा उगम कंपनीच्या शताब्दीच्या वर्षी, १९५२ मध्ये निघालेल्या ‘सेंटेनियल’ मॉडेलमध्ये आहे. घोडा (काडतुसावर आघात करणारा हॅमर) सांगाड्याच्या आत झाकलेला असल्याने खिशाच्या शिवणीत काही अडकत नाही. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे वजन ४१० ग्रॅमच्या आसपास राहते. त्याला स्लाइड नाही, त्यामुळे सैल पकडीने ते अडकत नाही. काडतूस पेटले नाही तर चाप पुन्हा ओढला की काडतुसांचे चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. वेळ आलीच तर जॅकेटच्या खिशातूनच एकामागून एक गोळ्या झाडता येतात, जे स्लाइडच्या पिस्तुलाला कापडात अडकल्यामुळे बहुधा जमत नाही. चापाला पाच किलोहून अधिक जोर लागतो. नेमासाठी ही अडचण असली, तरी खिशात तीच सुरक्षा ठरते.

तरीही रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही, हा समज चुकीचा आहे. अतिशय हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये झटक्याने न झाडलेल्या काडतुसातील शिसे पुढे सरकून चक्र जाम होऊ शकते, आणि असे जाम हाताने पटकन सुटत नाही. पिस्तुलाचा अडथळा मात्र स्लाइड ओढून अनेकदा दूर होतो. शिवाय चक्राची जाडी सुमारे ३३ मिलिमीटर असल्याने घट्ट जीन्समध्ये ते उठून दिसते. झटकाही जबर लागतो. जास्त दाबाच्या ‘प्लस पी’ काडतुसांनी सराव करताना पन्नास गोळ्यांनंतर तळहात दुखू लागतो आणि माणूस सरावच टाळू लागतो. म्हणून ६४२ घेणाऱ्याने १४८ ग्रेन (गोळीच्या वजनाचे एकक) वजनाची, सपाट तोंडाची ‘वॉडकटर’ काडतुसे अवश्य वापरून पाहावीत. झटका सौम्य राहतो आणि गोळी पुरेशी आत जाते.

तिसरा पर्याय सिग सॉअर पी३६५. २०१८ मध्ये आलेल्या या पिस्तुलाने ९ मिलिमीटरची दहा काडतुसे २५ मिलिमीटर जाडीत बसवून दाखवली. पहिल्या वर्षात त्याच्या फायरिंग पिनविषयी (काडतूस पेटवणाऱ्या सुईविषयी) तक्रारी झाल्या आणि नंतरच्या उत्पादनात त्या दूर केल्या गेल्या. त्यामुळे येथेही फार सुरुवातीचे नग टाळावेत. नेमबाजीत हे तिघांत सर्वांत सोपे आहे, आणि काडतूसही सर्वांत स्वस्त व प्रभावी आहे. पण वजन रिकामे असताना ५०० ग्रॅमच्या घरात जाते, आणि लांबी व मुठीचा कोन यांमुळे सर्वसाधारण पँटच्या खिशातून ते काढताना अडखळते. ज्यांच्या कपड्यांचे खिसे खरोखर खोल आहेत त्यांनी ते जरूर पाहावे. इतरांनी ते कमरेचे पिस्तूल समजावे. बोटांत संधिवात असल्यास याच पिस्तुलाची २०२२ ची .३८० आवृत्ती विचारात घ्यावी, कारण तिची स्लाइड ओढायला सोपी आणि झटका सौम्य आहे. ६४२ चा कडक चाप अशा हातांना पेलत नाही.

काडतुसाबाबत .३८० ची बाजू खरोखर दुबळी आहे. एफबीआयच्या मानकानुसार गोळी शरीराऐवजी चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरावी. आखूड नळीतून सुटलेली .३८० ची पोकळ टोकाची गोळी उमलली तर अनेकदा त्याआधीच थांबते, आणि उमलली नाही तर साध्या गोळीसारखीच वागते. म्हणून या बोअरमध्ये मी काडतुसाच्या जाहिरातीपेक्षा ते अडथळ्याविना नळीत चढते का, याला जास्त महत्त्व देतो.

माझा कल सांगायचा तर, खिसा पुरेसा रुंद असणाऱ्या आणि महिन्यातून एकदाच सराव करू शकणाऱ्या माणसाला मी ६४२ सुचवेन. खिसा अरुंद असेल आणि नियमित सराव होत असेल, तर एलसीपी मॅक्स किंवा बॉडीगार्ड २.०. चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर तिघांनाही अनिवार्य आहे, आणि त्या खिशात किल्ली, नाणे, पेन काहीही असता कामा नये. पँट खुंटीला टांगताना हत्यार खिशातच राहते, ही घरात मुले असलेल्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे. कपडे बदलण्याआधी ते कुलूपबंद पेटीत गेले पाहिजे.

खरेदीनंतर निदान दोनशे साधी काडतुसे आणि बाळगायच्या काडतुसांपैकी पन्नास, मध्ये साफसफाई न करता झाडून पाहावीत. त्यातली काही एका हाताने, काही डाव्या हाताने. माझ्या एका छोट्या पिस्तुलात दोन्ही हातांनी एकही अडथळा आला नव्हता आणि डाव्या हाताने तिसऱ्याच गोळीला रिकामे काडतूस अडकले. मॅगझिन बदलून, काडतूस बदलून, पकड सुधारूनही महिनाभर तेच होत राहिले, तेव्हा ते मी विकले आणि त्याच आठवड्यात ६४२ घेतले.