शांघायमध्ये मोकळा दिवस: युयुआन बघावी की सुझोउ गाठावं?

कामानिमित्त शांघायला जाणाऱ्यांच्या हाती बहुतेकदा एखादाच दिवस मोकळा उरतो. जुनी चिनी बाग बघायची इच्छा असेल तर दोन पर्याय समोर येतात: शहरातच असलेली युयुआन, नाहीतर रेल्वेने अर्ध्या तासावरचं सुझोउ. माझं मत आधीच सांगते. अर्धा दिवस असेल तर युयुआनला जा आणि अजिबात हळहळू नका. पूर्ण दिवस असेल तर सुझोउला जा, पण तिथली सगळ्यात प्रसिद्ध बाग सोडून लहान बाग बघा.

युयुआनला पोचणं सोपं आहे. मेट्रोच्या 10 आणि 14 क्रमांकाच्या मार्गांवर तिच्याच नावाचं स्टेशन आहे. खरी गंमत बाहेर पडल्यावर सुरू होते. समोर वळणदार छपरांच्या दुकानांचा मोठा बाजार लागतो, मग तळं, तळ्यावरचा नऊ वळणांचा नागमोडी पूल आणि मधोमध हुशिनथिंग हे चहागृह. सेल्फी काढणाऱ्यांची ही झुंबड! बरेच जण पूल ओलांडतात, फोटो काढतात आणि बाग बघितली असं समजून परततात. बाग त्याच्या पुढे, भिंतीच्या आत आहे आणि तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं (हंगामात 40 युआन). बाजाराच्या इमारती जुन्या धाटणीच्या दिसल्या तरी बऱ्याचशा अलीकडच्या आहेत.

आत मात्र 1559 मध्ये सुरू झालेली बाग आहे. पान युनदुआन या मिंगकालीन अधिकाऱ्याने ती वडिलांच्या निवृत्त आयुष्यासाठी बांधायला घेतली आणि काम रेंगाळत 1577 पर्यंत चाललं. आकार जेमतेम दोन हेक्टर, पण त्यात इतकं काही ठासून भरलंय की नजर ठरत नाही. भिंतींच्या माथ्यावरून ड्रॅगन सरपटत जातात; त्यांचे खवले म्हणजे करडी कौलं. झांग नानयांग या कारागिराने पिवळसर दगड रचून उभा केलेला कृत्रिम डोंगर इथली सर्वात अस्सल गोष्ट मानली जाते. त्याच्या माथ्यावरून एके काळी ह्वांगपू नदीतली शिडं दिसत. युलिंगलोंग ही तीनेक मीटर उंचीची, भोकाभोकांची शिला अवश्य बघा. तळाशी उदबत्ती लावली की प्रत्येक भोकातून धूर निघतो, असं सांगतात. समोरच्या दालनात मालकाची अभ्यासिका होती; तो काय बघत बसत असेल ते लगेच कळतं.

या बागेने शहराचा इतिहासही सोसलाय. 1842 मध्ये इंग्रज फौजा या भागात घुसल्या. 1853 च्या उठावात 'छोटी तलवार' संघटनेने इथल्या दियानछुन दालनात आपलं ठाणं केलं. त्यानंतरच्या पडझडीतून 1950 च्या दशकात दुरुस्ती झाली आणि 1961 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. म्हणजे जे दिसतं त्यातलं बरंच काही नव्याने सावरलेलं आहे. मला त्याचं वावडं नाही, पण 'अस्सल जुनं' शोधणाऱ्याने हे धरून चालावं.

सुझोउची तऱ्हा वेगळी. तिथल्या नऊ बागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. चार 1997 मध्ये आल्या, पाच 2000 मध्ये. सगळे धावतात झुओझंगयुआनकडे. पाच हेक्टरांची, पाण्याभोवती पसरलेली, सोळाव्या शतकातली ही बाग पहिल्या मालकाच्या मुलाने जुगारात घालवली असं म्हणतात. तिथे एक जागा चुकवू नका: तळ्याच्या लांबट पाण्यापलीकडे, झाडांच्या वर उत्तर मंदिराचा पॅगोडा दिसतो. तो बागेत नाही, शहरात दूर उभा आहे. बागेची मांडणीच अशी की तो आतलाच वाटावा. युयुआनबाहेरच्या बाजारातून छपरांमागे शांघाय टॉवर ही गगनचुंबी इमारत डोकावते तेव्हा हेच दृश्य आठवतं, फक्त तिथे ते कोणी योजलेलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी झुओझंगयुआनमध्ये गाइडांचे कर्णे आणि छत्र्यांचे घोळके असतात. तिकीटही युयुआनच्या दुप्पट.

म्हणून माझी शिफारस वांगशियुआनची. नकाशावर 'मास्टर ऑफ द नेट्स गार्डन' शोधा. अर्ध्या हेक्टरच्या आसपासची जागा, पण लहान वाटतच नाही, कारण सगळं एकदम दिसत नाही. वाड्यात चौकामागून चौक लागावा तशी एकामागून एक दालनं येतात, एक अरुंद दार लागतं आणि अचानक पाणी समोर येतं. तळ्याकाठच्या इमारती बुटक्या आणि पूल इवलासा, त्यामुळे पाणी मोठं भासतं. भिंती पांढऱ्या, लाकूड गडद, रंगांचा भपका नाही. युयुआनच्या नक्षीनंतर हे काहींना कोरडं वाटेल. मला इथे बसावंसं वाटतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1981 मध्ये जे चिनी अंगण उभारलं, ते इथल्याच एका अंगणावरून. हंगामात संध्याकाळी दालनादालनांतून संगीत आणि खुनछु या जुन्या चिनी संगीतनाट्याचे छोटे प्रवेश होतात. मुक्काम असेल तरच त्याचा विचार करा.

खर्च आणि दगदग बघू. सुझोउचं रेल्वे तिकीट एका बाजूचं 40 युआनच्या आसपास पडतं. गाडीत अर्धा तास जात असला, तरी स्टेशनची तपासणी आणि दोन्हीकडची मेट्रो धरता हॉटेलपासून बागेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. पासपोर्ट जवळ हवाच. रेल्वेलाही लागतो, बागांच्या आगाऊ नोंदणीलाही. सोबत लहान मुलं असतील तर वांगशियुआनऐवजी सुझोउच्याच शिझिलिन या बागेत न्या. दगडांच्या भुलभुलैयात ती तासभर रमतील आणि तुम्हाला शिल्पसौंदर्यावर व्याख्यान द्यावं लागणार नाही.

खाण्याचं सांगायचं तर युयुआनच्या बाजारातले प्रसिद्ध शियाओलोंगबाओ, म्हणजे आतून रस्सा असलेले वाफवलेले मोदकासारखे गोळे, बहुतांशी डुकराच्या मांसाचे असतात. शाकाहारी मंडळींनी रांगेत उभं राहण्याआधी विचारून घ्यावं.

युयुआनला जायचं ठरलं तर सकाळी दार उघडताच आत शिरा आणि बाजार नंतर करा; उलट क्रमाने गेलात तर दमून बागेत पोचाल आणि तोवर गटही आलेले असतील. चिनी नववर्षाच्या कंदिलांच्या दिवसांत बागेसाठी म्हणून तिकडे फिरकू नका, कंदिलांसाठी खुशाल जा. आणि तुमचा मोकळा दिवस सोमवार असेल तर प्रश्नच मिटला: सणासुदीची सुट्टी नसेल तर त्या दिवशी युयुआन बंद असते. सुझोउच्या बागा उघड्या असतात, फक्त झुओझंगयुआनशेजारचं, वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी घडवलेलं संग्रहालय सोमवारी बघायला मिळत नाही.