रिअलक्लिअरपॉलिटिक्सची पोल सरासरी: आलेख बाजूला ठेवा, तक्ता वाचा

अध्यक्षीय निवडणुकीचे शेवटचे दोन आठवडे आले की आमच्या पेनसिल्व्हेनियात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, वारं कुणीकडे आहे? त्यासाठी मी रिअलक्लिअरपॉलिटिक्स या अमेरिकन राजकीय वेबसाइटचं, वेगवेगळ्या संस्थांच्या मतचाचण्यांच्या (पोलच्या) सरासरीचं पान वापरते. पान फुकट आहे. 2012 आणि 2016 च्या लढतींची जुनी पानंही तिथे बघता येतात, आणि मार्च 2025 मध्ये फाइव्हथर्टीएट ही अशीच सरासरी काढणारी साइट बंद झाल्यापासून याची किंमत मला जास्तच वाटते. मी औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आकडा खरंच हलला की नुसता थरथरला, हे ओळखणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पानावर निळ्या-लाल रेघांचा आलेख असतो आणि एक तक्ता असतो. लोक आलेख बघतात. ही सरासरी अगदी सरळ काढलेली असते: अलीकडचे पोल घ्यायचे, बेरीज करायची, भागायचं. नवा पोल आला की जुना बाहेर जातो. आता 2024 ची लढत घ्या. समजा, एक संस्था कायम हॅरिस यांना 3 टक्के पुढे दाखवते आणि दुसरी ट्रम्प यांना 2 टक्के. पहिलीचा पोल जुना झाला म्हणून निघाला, त्या जागी दुसरीचा आला, तर दहा पोलची सरासरी तेवढ्यानेच अर्धा टक्का सरकते. एकाही मतदाराचं मत बदललेलं नसतं! शेवटच्या आठवड्यात मात्र याच अर्ध्या टक्क्यावर टीव्हीवाले तासभर चर्चा करतात.

तक्त्यात प्रत्येक पोलची तारीख, किती लोकांना विचारलं, एलव्ही की आरव्ही (म्हणजे मतदानाला जाण्याची शक्यता असलेले, की नुसते नोंदणी झालेले), आणि एरर मार्जिन (थोड्याच लोकांना विचारल्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) दिलेलं असतं. वाचायचं ते हे. एकाच संस्थेचा आजचा आकडा तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघा. वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं वजा करून घट काढणं आमच्या लॅबमध्ये कुणी खपवून घेणार नाही.

अर्थात तेवढ्याने भागत नाही. 2 नोव्हेंबर 2024 ला डे मॉइन रजिस्टर या वृत्तपत्रासाठी पोलतज्ज्ञ अ‍ॅन सेल्झर यांनी केलेला आयोवाचा पोल आला: हॅरिस 47, ट्रम्प 44. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच पोलमध्ये ट्रम्प 4 टक्के पुढे होते. आमच्या मराठी ग्रुपवर लगेच मेसेज, "वहिनी, आयोवा फिरलं, आता आपलं राज्य तर नक्कीच!" मी तक्त्याकडे बोट दाखवलं. विचारलेले लोक 808, एरर मार्जिन 3.4. पण हे मार्जिन एका उमेदवाराच्या आकड्याचं असतं, दोघांमधल्या आघाडीचं जवळपास दुप्पट होतं, आणि दोन पोलमधल्या आघाड्यांची तुलना करायची तर साधारण 9-10 टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. इथे फरक होता 7 चा. ट्रम्प यांनी आयोवा सुमारे 13 टक्क्यांनी जिंकलं. एवढी मोठी चूक नुसत्या योगायोगाची नसते, पण वारं फिरल्याचा पुरावा त्या पोलमध्ये नव्हता, हे त्याच दिवशी दिसत होतं.

2012 चं पानही जरूर उघडा. 3 ऑक्टोबरच्या डेन्व्हरच्या डिबेटनंतर ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी वर सरकले, महिन्याच्या मध्याला गॅलप या पोल संस्थेने तर त्यांना 7 टक्के पुढे दाखवलं. जिंकले ओबामा, जवळजवळ 4 टक्क्यांनी. पुढे एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवरून घेतलेल्या उत्तरांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की मतं फारशी बदललीच नव्हती. आपला माणूस डिबेटमध्ये कमी पडला की त्याचे समर्थक पोलवाल्यांना उत्तरं द्यायला तेवढे उत्सुक राहत नाहीत, म्हणून त्याचा आकडा घसरल्यासारखा दिसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चकित झाले होते, आणि अजूनही मला पोलबद्दलची ही सगळ्यात मोलाची माहिती वाटते.

उलटही घडतं. 2016 मध्ये विस्कॉन्सिनला मार्केट (Marquette) विद्यापीठाचा शेवटचा पोल 31 ऑक्टोबरला संपला, क्लिंटन 6 ने पुढे. मतदान 8 नोव्हेंबरला. शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे बरेच जण तिथे ट्रम्प यांच्याकडे गेले. वारं खरंच होतं, तेव्हा मोजायला फारसं कुणी नव्हतं. म्हणून तारखेचा रकाना आधी बघा.

आता त्रुटी. 2024 मध्ये बऱ्याच संस्थांनी "2020 ला कुणाला मत दिलं होतं" हे विचारून, 2020 च्या निकालाशी मेळ बसेल असे आकडे जुळवून घेतले. असा पोल फारसा हलतच नाही, त्यामुळे त्याच्या स्थिर राहण्यातून वाऱ्याबद्दल काही कळत नाही. न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेज यांच्या पोलने तसं केलं नाही. तक्त्यात मात्र दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी, काही खूण नाही.

अंदाज म्हणून सरासरी वाईट नाही. 2024 ला शेवटी देशभरात हॅरिस 0.1 ने पुढे होत्या, ट्रम्प 1.5 ने जिंकले. पेनसिल्व्हेनियात ट्रम्प 0.4 ने पुढे होते, जिंकले 1.7 ने. कोण किती जवळ आहे हे बघायला मी पाचपैकी चार देईन, वारं बघायला दोन. तक्त्यात आणखी दोन रकाने द्यावेत, त्याच संस्थेचा मागचा आकडा आणि जुन्या मतांनुसार जुळवणी केली की नाही. तेवढं केलं तर या पानासाठी मी पैसेसुद्धा भरीन.